दरडीखालचे खडे

खड्यांचा ढीग अजून तिथेच होता, फक्त त्याला कोणीतरी चुना फासला होता. शेजारी नवी कमान. कमानीवर 'निसर्ग पायवाट' अशी अक्षरं आणि त्याखाली हात जोडून उभ्या असलेल्या सात-आठ माणसांचे फोटो. निसर्गाचा एकही फोटो नव्हता. 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि ती ज्या खांबाला ठोकली होती त्याच खांबावर भोंगा होता.

मी ढिगातला एक खडा उचलून नखाने खरवडला. चुन्याखालून तोच जुना, दुधी, गुळगुळीत दगड निघाला. तो खिशात टाकला. दुसऱ्या खिशात इंजेक्शन होतं.

मामाजींचा फोन आला तेव्हा ते दोनच वाक्यं बोलले होते. "मोहोळं आली. भाऊबीजेले येजो." मामाजी दोन वाक्यांत थांबले म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

आर्वीच्या पुढे जमीन हळूहळू उठायला लागते. त्या टेकड्यांना एका पाहुण्यांनी भाषणात सह्याद्री म्हटलं होतं. सातपुड्याने ते मनावर घेतलं नाही. एका टेकडीचा खांदा संपतो तिथे दुसरीची पाठ सुरू होते आणि मधल्या खोलगटात धरणाचं पाणी पसरलेलं असतं. आर्वीत वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सुट्टी लागली की मला मामाजींच्या गावी धाडत, आणि मामाजी मला टेकड्यांवर. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामाजी फाट्यावरच वाकून पाया पडायचे, आणि उठता उठता म्हणायचे, "चाल बे, दिवस डोक्यावर आला."

त्या चालण्याला तेव्हा ट्रेकिंग म्हणत नसत. काहीच म्हणत नसत.

त्या टेकड्या शहरातल्या लोकांना आता शांत वाटतात. मला त्या कधीच शांत दिसल्या नाहीत. वैशाखात भर दुपारी तापलेला दगड तडकायचा, आणि तो आवाज ऐकून कुठेतरी एक टिटवी खून झाल्यासारखी ओरडत सुटायची. मोहाची फुलं कुजत पडायची, त्यांच्या गोड दारूसारख्या वासात मेलेल्या घोरपडीचा वास मिसळायचा. एका मार्चात गारा पडल्या. सकाळी आम्ही आंब्याखाली गेलो तर खाली हिरवा सडा पडला होता. मला ती पानं वाटली. ते पोपट होते, माना मोडलेले. आषाढात नाला असा यायचा की त्याच्या पाण्यात दगड दगडांवर आपटल्याचा आवाज घरात जेवताना ऐकू यायचा, आणि उतरल्यावर बाभळीच्या फांद्यांत कोणाची तरी शेळी लटकलेली असायची. दिवाळीत सीताफळं फुटायची. फुटलेल्या सीताफळांवर रानडुकरं तुटून पडायची आणि डुकरांवर गावची कुत्री. मामाजींच्या कुत्रीचं पोट एकदा सुळ्याने उसवलं. मामाजींनी ते पोत्याच्या दाभणाने आणि सुतळीने शिवलं. कुत्री त्यांचा हात चावत होती आणि ते तिला समजावत होते, "चाव, चाव. तुहं बरोबर आहे."

ती जगली. सीताफळाचा वास आला की मला आजही आधी ती सुतळी आठवते आणि मग गर.

गावातून टेकडीपलीकडच्या गावाला जायची वाट एका दरडीखालून जाते. काळा कातळ, वर पुढे झुकलेला. त्याच्या पोटाला दिवाळीच्या सुमारास आग्या मोहोळं लागायची. सुपाएवढी, मग बंडीच्या चाकाएवढी. लांबून पाहिलं तर कातळाला काळ्या घोंगड्या वाळत घातल्यासारख्या वाटत. जवळून पाहिलं की घोंगडी हलायची. उन्हाळ्याच्या शेवटी माश्या जायच्या, पुढच्या दिवाळीला पुन्हा यायच्या.

दरडीखाली बोलायचं नाही, असा नियम. नुसत्या नियमावर आमच्या भागातला माणूस चूप बसत नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक असावं. म्हणून वाटेच्या अलीकडे खड्यांचा एक ढीग आणि पलीकडे एक. इकडून जाताना ढिगातला खडा उचलून तोंडात धरायचा, पलीकडे पोचलं की तिकडच्या ढिगावर टाकायचा. येताना तिकडचा घेऊन यायचा. पिढ्यान्‌पिढ्या किती तोंडांत फिरलेले ते खडे, याचा विचार मी आरोग्यशास्त्राचा धडा वाचल्यावर एकदाच केला आणि सोडून दिला. खड्याची चव मात्र आठवते. आधी धुळीची, मग काहीच नाही, मग आपल्याच तोंडाची.

माश्या नसल्या तरी खडा सुटायचा नाही. मूल रडवेलं असो, माणूस तापात असो, वरात असो. वरात तर बघण्यासारखी. डफडेवाला डफडं पोटाशी धरून, नवरदेव बाशिंगासकट, सगळे गाल फुगवून मुकाट चाललेले. पलीकडे पोचले की एकदम सगळे एकमेकांवर ओरडायला लागत.

पलीकडची मुलगी लग्न होऊन इकडे आली की तिचा पहिला खडा ती ढिगावर टाकत नसे. तो तिच्यासोबत सासरी यायचा आणि पाण्याच्या माठाखालच्या वाळूत राहायचा. ती वारली की पहिल्या भाऊबीजेला तिच्या नवऱ्याने तो तोंडात धरून पलीकडच्या ढिगावर परत ठेवायचा. मामी पलीकडची होती. तिचा खडा माठाखाली होता. एका बाजूने किंचित लालसर. लहानपणी मी तो काढून खेळायला घेतला तर मामीने माझ्या हातावर फुंकणीच मारली होती.

मामाजींचं आणि खड्याचं कधी जमलं नाही. ते बोलके. पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष झाल्यावर अधिकच. दरडीखाली ते खडा गालाच्या एका बाजूला सारून कुजबुजत राहायचे, आणि मामी पलीकडे पोचल्या पोचल्या त्यांना धारेवर धरायची.

"तुमी एक डाव, फक्त एक डाव, या दरडीखालून चूप आले ना, तं मी समजन की माह्यं लग्न माणसाशी झालं."

"मंग आतापर्यंत कोणाशी झालं होतं?"

"रेडिओशी."

ते घडलं त्या वर्षी मी कॉलेजात होतो. धरण भादव्यातच भरलं. मामाजींच्या मनात आलं की जलपूजन व्हावं, आणि ते मोठ्या माणसाच्या हातून व्हावं. पाहुणे ठरले. पाणी भादव्यात भरलं होतं. पाहुण्यांना वेळ दिवाळीनंतर मिळाला. तोवर पाणी हातभर उतरलं होतं आणि दरडीला मोहोळं लागली होती. धरणाची भिंत नेमकी त्या दरडीलाच येऊन टेकते.

मामी आदल्या दिवशी लाडू वळत होती. "आवो, त्याइले सांगा ना, तिथं चूप राहा लागते म्हणून."

"एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडात खडा कसा द्याचा वं? काही रीत आहे का नाई?"

"मंग तुमी तं ठेवा तोंडात."

"मंग स्वागत कोण करन? तू करशीन?"

गावात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी एकमेकांना सांगितलंही. पाहुण्यांना कोणी सांगितलं नाही, कारण ते बरं दिसलं नसतं. त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे, आणि शेवटी एवढंच हाताशी लागतं: बरं दिसलं नसतं.

सकाळी भिंतीवर मांडव. झेंडूचा वास, ताज्या ताडपत्रीचा वास, अत्तराचा वास. पाहुण्यांना सजवलेल्या बंडीतून भिंतीपर्यंत आणलं, मोटार मागून रिकामी आली. बैलांच्या शिंगांना बेगड. नागपूरहून संदलचं ढोलपथक मागवलेलं, त्या ढोलांनी छातीतलं हाड हलत होतं. मी मांडवात मागे उभा होतो आणि दरडीकडे पाहत होतो. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला त्या घोंगड्यांवरून एक लाट जायची, वाऱ्याने गहू वाकावा तशी. भाषण झालं. सह्याद्री त्यातच होता. मग पाहुणे ओटी घेऊन पाण्याकडे वळले आणि कोणीतरी फटाक्यांची लड पेटवली.

मोहोळ फुटलं असं म्हणतात, पण फुटलं नाही. सुटलं. अख्खी घोंगडी कातळावरून सुटून खाली आली आणि हवेत तिचा आकार गेला. आवाज आर्वीच्या जिनिंगमध्ये सरकी काढायचे सगळे रेचे एकदम सुरू व्हावेत तसा. आधी झेंडूचे हार दिसेनासे झाले, मग हार घातलेली माणसं. संदलवाल्याने ढोलाचं कातडं लाथेने फोडून आत डोकं घातलं. एकजण पाण्यात उडी मारून बुडी घेऊन राहिला. श्वासासाठी वर आला की त्याच्या डोक्यावर काळी टोपी बसायची, तो पुन्हा खाली जायचा. माणसं स्वतःच्याच तोंडात मारत होती, दुसऱ्यांना तुडवत होती. मांडव कोसळला आणि ताडपत्री माझ्या अंगावर आली. तिच्या एका भोकातून मला जे दिसलं ते दिसलं.

बैल दिसले. ते जुंपलेले होते. माणसं पळाली, बैलांना पळता येत नव्हतं. एकाने बंडीसकट भिंतीच्या कडेकडे ओढ घेतली आणि कडेवरून गेला. दुसरा जुवात लटकून राहिला. तो ओरडत होता तो आवाज बैलाचा नव्हता, कुठल्याच जनावराचा नव्हता.

पाहुणे मोटारीत पोचले होते. मामाजी त्यांच्यामागून गेले. काच वर होती. मामाजींनी ओरडत तळहाताने काच ठोकली. एका हातात अजून पूजेचं ताट होतं, ते त्यांनी टाकलं नव्हतं. आतून कोणीतरी नाही नाही अशी मान हलवली. मग मोटार मागे गेली, वळली आणि गेली. काचेवर मामाजींच्या हाताचं कुंकू उमटलेलं मला दिसलं.

ते पाण्याच्या मोजपट्टीच्या खांबापाशी पडले. त्यांचा पांढरा सदरा काळा होत गेला.

सगळं गाव भिंतीवरून गावाकडे पळत होतं, आणि गावाकडून भिंतीकडे एकच बाई येत होती. मामी. डोक्यावरून भिजवलेली वाकळ, एक गाल फुगलेला. ती पळत नव्हती. माठ डोक्यावर घेऊन चालावं तशी, पाऊल चाचपत, ती त्या आवाजात चालत आली. हातांवर, पायांवर माश्या बसत होत्या, ती हात झटकत नव्हती. खांबापाशी आली, मामाजींवर वाकळ पसरली, स्वतः कडेला आत सरकली आणि बसली. दिवस कलेपर्यंत ती वाकळ तशीच होती, माश्यांनी झाकलेली, आणि तिच्याखालून एक शब्द बाहेर आला नाही.

आर्वीला ट्रॅक्टरमध्ये नेताना मामी न्हाव्याच्या वस्तऱ्याने त्यांच्या पाठीवरचे काटे खरवडून काढत होती. त्यांचे डोळे सुजून बंद, ओठ अंगठ्याएवढे. तिचाही एक डोळा गेल्यातच जमा होता. फाट्यापाशी तिने तोंडातला खडा काढला, पदराने पुसून कनवटीला खोचला. तेव्हा मला दिसलं, तो एका बाजूने लालसर होता. ती माठाखालचा घेऊन आली होती.

मामाजींना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. तरी ती म्हणाली, "झालं तुमचं स्वागत?"

ते वाचले. दुसरा बैल वाचला नाही. पाहुण्यांनी शाल आणि नारळ माणसाकरवी पाठवला. डॉक्टरांनी सांगितलं की शरीरात आता विष मुरलंय, यापुढे एक माशी जरी चावली तरी घसा सुजून बंद होईल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोरांनी लांब बांबूंना रॉकेलची फडकी बांधली आणि दरड जाळली. आर्वीहून सकाळीच परतलेली मामी एका डोळ्यानिशी त्यांच्यापुढे उभी राहिली होती. "माश्याइनं तुमाले बोलावलं होतं का रे?" पोरांनी तिला बाजूला सारलं. मेण वितळून काळ्या कातळावरून ओघळलं, मध पेटला, पिलावळ भाजल्याचा चर्र आवाज आला. कितीतरी दिवस गावभर गोड, करपलेला वास होता. प्रसाद करपावा तसा. त्या वासात लोक जेवत होते.

मग वर्षानुवर्षं मोहोळं आली नाहीत. दरडीखालून माणसं मोबाइलवर बोलत जाऊ लागली. खडे कोणी उचलेना. इकडचा ढीग आणि तिकडचा ढीग जसेच्या तसे राहिले, कोणी येईना, कोणी जाईना अशासारखे. मामाजींनी टेकडीकडे पाठ करून घराचं दार बदलून घेतलं. मामीचा खडा माठाखाली परत गेला होता.

या पावसाळ्यात मामी गेली. झोपेत, फार त्रास न होता. आयुष्यभराचा आधीच होऊन गेला होता. आणि दिवाळीला मोहोळं आली.

भाऊबीजेच्या सकाळी मामाजी ओट्यावर तयार बसले होते. स्वच्छ सदरा, डोक्याला दुपट्टा. अत्तर नाही, तेल नाही. माझ्या पाया पडायला वाकले, मी धरून उठवलं. हलके झाले होते.

"मामाजी, डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"डॉक्टर आज आपल्या बहिणीकडं गेला."

"मी नेतो ना खडा. तुमी कमानीपाशी बसा."

"खडा तुह्या मामीचा. तुह्या तोंडात कायले?"

"पुढच्या वर्षी नेऊ. उन्हाळ्यात नेऊ, माश्या गेल्यावर."

त्यांनी आत जाऊन माठ बाजूला सरकवला, वाळूत बोटं घातली. "उन्हाळ्यात कोणीबी नेते," ते म्हणाले. "माश्या नसल्यावर चूप बसलो, तं ते काय चूप बसणं झालं?"

तालुक्याच्या डॉक्टरकडून मी माशी चावलीच तर द्यायचं इंजेक्शन घेऊन आलो होतो. ते मांडीत कसं टोचायचं हे त्याने मला दोनदा दाखवलं होतं. ते माझ्या खिशात होतं. टोचायचं धैर्य कुठल्याच खिशात नव्हतं.

कमानीपाशी मी बाटलीतल्या पाण्याने माझा खडा धुतला, तरी चुन्याने जीभ पोळली. मामाजींनी मामीचा खडा तोंडात ठेवला. गाल फुगला आणि एकाएकी ते मला त्या वरातींमधल्या माणसांसारखे दिसले. आम्ही निघालो.

डाव्या हाताला पाणी, उजवीकडे कातळ. पाण्यावरून थंड, शेवाळी वास येत होता. वाट तशीच, तिच्या कडेला सीताफळं फुटून पडलेली. कातळाच्या जळक्या अंगावर, त्याच जागी, तीन घोंगड्या. मामाजींनी वर पाहिलं नाही. मी पाहत राहिलो.

अर्ध्यावर आलो तेव्हा गावात कोणीतरी लड लावली. लांब, पण ऐकू आली. वरच्या घोंगडीवरून एक लाट गेली. मग दुसरी. मामाजी थांबले. मी थांबलो. हात खिशात.

एक माशी खाली आली. मामाजींच्या दुपट्ट्याभोवती फिरली, कपाळासमोर तरंगली, आणि फुगलेल्या गालावर बसली. तिथून ती चालत मिशीत शिरली. मिशीतून ओठावर आली. मला तिचं पोट आत-बाहेर होताना दिसत होतं. मामाजींचे डोळे माझ्याकडे होते. त्यांत भीती होती, ती मी पूर्वी काचेपाशी पाहिली होती. पण तेव्हा ते ओरडत होते. आता त्यांचे ओठ हलले नाहीत. मला ओरडावंसं वाटत होतं. जिभेखाली खडा होता, चुना होता. माशीने ओठाच्या कडेला तोंड लावलं, काही चाटलं, आणि तिथेच थांबली.

किती वेळ, ते मला सांगता येत नाही. लड संपली. वरची लाट मंद झाली. माशी उडाली.

मामाजींनी पाऊल उचललं. मामीसारखं, चाचपत.

पलीकडच्या ढिगाला अजून कोणाचा चुना पोचला नव्हता. त्यावर गवत वाढलं होतं. मामाजी तिथे बसले. त्यांनी खडा तोंडातून काढला, दुपट्ट्याने पुसला, लालसर बाजू वर येईल असा ढिगावर ठेवला आणि पडू नये म्हणून खाली दुसरा खडा सरकवला.

परतीसाठी त्यांना एक बरा, लहान खडा पाहावा म्हणून मी ढिगाच्या पलीकडच्या बाजूला वाकलो. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, डोळे मामीच्या खड्यावर होते. मग अगदी हळू, जणू अजून दरडीखालीच आहोत अशा आवाजात, त्यांनी विचारलं,

"बसलो ना वं चूप?"